गीता २.१६ : निवडून झाल्यावर उरलेलं कुठे जातं?



आजचा श्लोक दुसऱ्या अध्यायातला सोळावा. जे खरोखर आहे त्याचा कधी अभाव होत नाही, जे मुळात नाहीच त्याला अस्तित्व येत नाही, आणि तत्त्व जाणणाऱ्यांनी या दोन्हींचा निर्णय पाहिलेला आहे. ढोबळ अर्थ असा. गीता जवळ असेल तर उघडून ठेवा. ज्ञानेश्वरी असेल तर फारच छान, कारण आज आपल्याला माउली या श्लोकावर काय म्हणतात तिथे थांबायचं आहे.

माउली इथे ओळीने चार दृष्टांत देतात. पाण्यात मिसळून गेलेलं दूध राजहंस निवडून घेतो. हिणकस सोनं आगीत घालून जाणकार त्यातलं चोख तेवढं काढतात. दही घुसळत राहिलं की शेवटी लोणी दिसू लागतं. आणि भूस व दाणे एकत्र असले तरी उपणल्यावर जड ते राहतं, फोल ते उडून जातं. १२९० साली नेवाशाला सांगितलेल्या ग्रंथात ही यादी आहे. शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘मिश्रणातील घटक वेगळे करणे’ हा धडा असायचा ना, जवळजवळ तोच. मी इंजिनिअरिंगला गेलो आणि केमिस्ट्री पहिल्या वर्षानंतर सुटली, पण तो एक धडा डोक्यात पक्का बसलेला आहे.

त्या धड्यातली मूळ गोष्ट आठवून पाहा. लोखंडाचा कीस आणि गंधकाची पूड एकत्र केली, तर ते मिश्रण. लोहचुंबक फिरवला की लोखंड बाहेर येतं, कारण मिसळल्यानंतरही लोखंडाने आपला स्वभाव सोडलेला नसतो. तेच दोन्ही एकत्र तापवलं की आयर्न सल्फाइड होतं. ते संयुग. आता चुंबकाला त्यातलं लोखंड सापडत नाही. चाळणं, गाळणं, निवळणं, उपणणं, बाष्पीभवन, ऊर्ध्वपातन या सगळ्या भौतिक पद्धती फक्त मिश्रणावर चालतात. त्या नवीन काही तयार करत नाहीत. दोन पदार्थांच्या गुणात जो फरक आधीपासून आहे, त्याचाच त्या फायदा घेतात. कुणी जड असतं कुणी हलकं, कुणी विरघळतं कुणी नाही.

वेदान्त आपल्याबद्दल हेच म्हणतो. देह आणि देही एकजीव झाल्यासारखे वाटतात, पण ते संयुग नाही. जास्वंदीशेजारी ठेवलेला स्फटिक लाल दिसतो म्हणून लाल होत नाही. त्यामुळे विवेकाला काही निर्माण करायचं नसतं, निवडायचं असतं.

(केमिस्ट्रीवाले इथे हात वर करतील. सोनं आगीत शुद्ध करताना त्यातल्या हलक्या धातूंचं ऑक्सिडेशन होतं, म्हणजे ती निव्वळ भौतिक पद्धत नाही. मान्य. आणि हंसाचं म्हणाल, तर कुठलाही पक्षी दुधातलं पाणी वेगळं काढू शकत नाही. दुधातच मुळात ८७ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. डेअरीवाला लॅक्टोमीटर बुडवून पाणी घातल्याचं ओळखतो, पण तेही त्याला काढता येत नाही. हंसाची गोष्ट कविसंकेत आहे आणि ती तशीच वाचावी. ‘आपल्या पूर्वजांना सगळं विज्ञान माहीत होतं’ असे फॉरवर्ड पाठवणाऱ्यांनी या दृष्टांतावर जरा दमानं घ्यावं.)

आता मूळ मुद्दा. या श्लोकातला ‘दोन्हींचा’ हा शब्द आपण फार पटकन ओलांडतो. तत्त्व जाणणाऱ्यांनी फक्त सत् पाहिलं असं भगवंत म्हणत नाहीत. त्यांनी दोन्हींचा शेवट पाहिला, असं म्हणतात.

तुमच्यातले बरेच जण माझ्यासारखे कोड लिहिणारे आहात, म्हणून तसं सांगतो. ‘फिल्टर’ नावाचं फंक्शन यादीतून अटीत बसणारे घटक परत देतं. बाकीच्यांचं काय झालं हे ते सांगत नाही. ‘पार्टिशन’ दोन याद्या परत देतं, बसलेले एका यादीत, न बसलेले दुसरीत. अट तीच, कामही तेवढंच, पण पार्टिशन लिहिलं की दुसऱ्या यादीचं काय करायचं हे तुम्हाला ठरवावंच लागतं. मला वाटतं, आपण गीता फिल्टरसारखी वाचतो. चांगलं घ्या, वाईट सोडा. सोडलेलं कुठे पडलं, कुणाच्या अंगावर पडलं, हा प्रश्न आपल्या साधनेत येतच नाही.

माझं आजोळ वडनेर भोलजी, बुलढाणा जिल्हा, नांदुरा तालुका. मुंबईहून रेल्वेने शेगावला दर्शनाला गेला असाल तर मलकापूरनंतर नांदुरा स्टेशन लागतं, तिथला १०५ फुटांचा हनुमान बऱ्याच जणांना माहीत असतो. वडनेर या दोघांच्या मधे, हायवेवर. माझ्या लहानपणी थ्रेशर येऊनही थोडंफार धान्य आजी खळ्यावर हातानेच उपणायची. तिवईवर उभं राहायचं, सूप डोक्याच्या वर धरायचं आणि हळूहळू सोडायचं. दाणे पायाशी सरळ पडतात, भूस पुढे वाहत जातं. निर्वात जागेत हे जमणार नाही, तिथे दाणा आणि भूस एकाच वेगाने खाली येतील. जड-हलक्याचा फरक उघडा पाडायला वारा लागतो.

आम्ही पोरं सूप धरायला धावायचो तेव्हा आजी ओरडायची, “आधी वारा पाह्य ना बाप्पा, मंग सूप उचल!” मला वाटायचं, वारा आहे की नाही ते पाहायला सांगते. तसं नव्हतं. वारा कुठून कुठे चाललाय ते पाहायचं होतं. कारण भूस जिथे पडणार ती जागा आधी झाडून ठेवलेली असायची. आमच्याकडे त्याला कुटार म्हणतात. तुरीचं, हरभऱ्याचं कुटार म्हणजे बैलाचं वर्षभराचं खाणं. वाऱ्याची दिशा चुकली तर कुटार शेजारच्या खळ्यावर, त्यांच्या साफ केलेल्या दाण्यांत जाऊन पडणार, म्हणजे त्यांना पुन्हा उपणणं आलं. मग खाली उरायचं ते मातेरं, माती मिसळलेले दाणे. तेही फेकत नसत, पाखडून कोंबड्यांना जायचं.

म्हणजे एका उपणणीतून तीन ढीग, आणि तिन्हींना धनी. माउलींच्या चार दृष्टांतांकडे असं पाहिलं की गंमत दिसते. लोणी काढलं की ताक उरतं आणि ते अख्खं घर पितं. सराफाच्या दुकानातली माती झारेकरी विकत घेतात, पाण्यात धुऊन तिच्यातले सोन्याचे कण काढतात. सोन्याची घनता १९.३ आणि वाळूची साधारण २.६, म्हणून पाणी वाळू वाहून नेतं आणि सोनं तळाशी बसतं. ज्या जगातून हे दृष्टांत आले त्या जगात ‘उरलेलं’ कुणाच्या ना कुणाच्या हिशेबात धरलेलं असायचं.

आता त्याच तालुक्यातली दुसरी गोष्ट. वडनेरहून उत्तरेला पूर्णा नदीकडे सरकलं की खारपाणपट्टा लागतो. अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात हा पट्टा पसरलेला आहे. वर काळी कसदार जमीन आणि खाली खारं पाणी. किडनीचे आजार हा तिथल्या गावांचा जुना, जाहीर प्रश्न आहे. पाहुणा म्हणतो, “उकळून प्या.” उकळल्याने जंतू मरतात, मीठ जात नाही. उलट वाफ निघून गेल्यामुळे उरलेलं पाणी आणखी खारट होतं. तुरटी फिरवली तर गढूळपणा खाली बसतो, क्षार नाही. फडक्याने गाळून तर काहीच होत नाही, कारण विरघळलेलं मीठ फडक्याच्या छिद्रांपेक्षा कितीतरी लहान असतं.

म्हणून गावोगावी आरओ आले. पंपाने दाब देऊन पाणी एका पातळ पडद्यातून ढकलायचं, पाणी पार होतं, क्षार अलीकडे राहतात. उत्तम भौतिक पद्धत. पण हिशेब करून पाहू. समजा १०० लिटर पाणी घेतलं, त्यात लिटरला २,००० मिलिग्रॅम क्षार. भारतीय मानकानुसार ५०० पर्यंत चांगलं आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घ्यायचं, म्हणजे हे अगदी कडेवरचं पाणी. त्यातून ४० लिटर गोडं पाणी मिळालं, त्यात लिटरला ५० मिलिग्रॅम. उरलेल्या ६० लिटरमध्ये आता लिटरला ३,३०० मिलिग्रॅम क्षार आहेत. एकूण २०० ग्रॅम मीठ आत आलं आणि २०० ग्रॅमच बाहेर पडलं. आपल्या हंड्यात त्यातलं २ ग्रॅम, बाकीचं १९८ ग्रॅम नालीत.

ती नाली कुठे जाते? बहुतेक वेळा गावाबाहेरच्या खोलगट जागेत, कुणाच्या तरी बांधाला. तिथे पाणी उडून जातं, मीठ उरतं. सोडियम वाढलेली काळी माती पाणी आत घेईनाशी होते, पावसात चिखल आणि उन्हात ढेकूळ. ज्याचा बांध खोलगट भागात आहे तो गावातला मोठा शेतकरी बहुधा नसतो. यात मी आरओला वाईट म्हणत नाहीये. तहानलेल्याला पाणी मिळायलाच हवं. पण ‘मीठ काढलं’ असं म्हणताना आपण खरं तर ‘मीठ तिकडे पाठवलं’ असं म्हणत असतो. आणि शहरात तर ५०० च्या आतलं पाणी येत असतानाही आपण आरओ लावून घेतो. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाला याच कारणासाठी सांगावं लागलं होतं की अशा ठिकाणी आरओ नको, आणि जिथे लागेल तिथे निदान ६० टक्के पाणी वापरात आलं पाहिजे.

आमच्याच जिल्ह्यात, खाली दक्षिणेला, लोणार आहे. सरोवरात पाणी येतं पण बाहेर जायला वाट नाही. उन्हाने शुद्ध पाणी तेवढं उडून जातं आणि क्षार मागे राहतात, हजारो वर्षं. आईन-ए-अकबरीतही लोणारच्या क्षारांची नोंद आहे, काच आणि साबणासाठी ते उपयोगी पडत. २०२० च्या जूनमध्ये तेच पाणी गुलाबी झालं, कारण अति खारट पाण्यात जगणारे सूक्ष्म जीव वाढले होते. काठावर गोड्या पाण्याची धार आहे, आत खारं तळं, आणि यात्रेकरू धारेवर स्नान करून निघतात. मला तळ्याकडे बघत बसायला जास्त आवडतं.

हे सगळं आज लिहायचं कारण एक मेल. आपल्या वाचक ताईंचा. तपशील बदलून, त्यांना विचारून सांगतोय. वय सव्वीस, बेंगळुरूला नोकरी, रोज पहाटे उठून हरिपाठ. गावी आई आणि भाऊ. भाऊ पितो. रात्री फोन करतो, पैसे मागतो, नाही म्हटलं की शिव्या. त्या लिहितात, “दादा, माझी सगळी साधना त्याच्या एका फोनने विस्कटते. संतांनी दुर्जनाची संगत सोडायला सांगितली आहे. मी त्याला ब्लॉक करून कायमचा संबंध तोडला तर चूक आहे का?”

संगत सोडायला संतांनी सांगितलंय हे खरंच आहे, आणि ते गुळगुळीत करायचा माझा विचार नाही. शिव्या ऐकत बसणं ही भक्ती नव्हे. कुणाला घरात मारहाण होत असेल तर आधी तिथून निघा, चिंतन नंतर. ताईंना मी लिहिलं की फोन ब्लॉक करा, पैसे बंद करा, त्यात काही पाप नाही. पण एक प्रश्न विचारला. तुमचा नंबर लागला नाही की तो पुढचा फोन कुणाला करतो?

कारण तो नाहीसा होणार नाहीये. २०० ग्रॅम तेवढेच राहणार. ताईंच्या पहाटेतून तो निघाला की आईच्या रात्रीत जाणार. आपल्या पिढीला ‘टॉक्सिक लोकांना आयुष्यातून काढून टाका’ हे वाक्य फार आवडतं, आणि त्यावर संतवचनाचं लेबल लावलं की ते आणखी गोड लागतं. सात्त्विक आहार, सात्त्विक संगत, शांत खोली. ही खोली शांत राहावी म्हणून घरातलं कोण दुसऱ्या खोलीत कुणाला सांभाळतंय, हे विचारणं माझ्या मते साधनेत धरायला हवं. माझ्या पाहण्यात ती दुसऱ्या खोलीतली व्यक्ती बहुतेक घरांत बाई असते, आणि तिचा हरिपाठ केव्हाच सुटलेला असतो.

आणखी एक. भावाला ‘दुर्जन’ म्हणताना आपण गुपचूप ठरवून टाकतो की माणूस आणि दारू यांचं आता संयुग झालंय, चुंबक फिरवून उपयोग नाही. हे कुणी तपासलं? डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण सुरू केलं, त्याच्या मुळाशी व्यसन हा आजार आहे आणि माणूस त्याहून वेगळा आहे, ही समजूत आहे. म्हणजे आयुष्यभर मिश्रणच समजून काम केलं. आणि तिथे व्यसनी माणसांच्या बायकांसाठी ‘सहचरी’ नावाचा वेगळा गट चालतो. दुसऱ्या यादीकडे पाहणं म्हणजे काय, त्याचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

काही जण म्हणतील, एवढा विचार केला तर माणूस काहीच सोडू शकणार नाही. मला हा आक्षेप खरा वाटतो. दाणे आणि भूस एकत्र शिजवून खाता येत नाहीत, निवडावंच लागतं. आजीही उपणायची थांबली नव्हती. पण निवडण्याच्या नावाखाली आपण काय काय केलंय तेही आठवायला हवं. रसायनशास्त्रात वेगळं करायला गुणात खरा फरक लागतो. माणसांना जातीवरून वेगळं काढताना असा कुठला फरक होता? तरी पाणवठे वेगळे केले गेले, आणि २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेण्यासाठी डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. शुद्धतेच्या नावाने हंडे वेगळे होत राहिले आणि खारं पाणी कायम एकाच वस्तीकडे वाहत राहिलं.

आणि ज्यांनी हे चार दृष्टांत दिले ते कोण होते? संन्याशाची पोरं म्हणून ज्यांना वाळीत टाकलं होतं ते. आळंदीने फोलकट समजून ज्या चार भावंडांना बाजूला काढलं, त्यांतलाच एक भाऊ नेवाशाला बसून भूस आणि दाणे कसे ओळखायचे ते सांगतो. त्या ओव्या वाचताना मी इथे नेहमी थबकतो. आपलं पाखडून टाकलेलं घर त्यांना सांगताना आठवलं असेल का? ग्रंथात तक्रारीचा एक शब्द नाही. शेवटी पसायदान मागताना मात्र दुष्टांना दूर करा असं त्यांनी मागितलं नाही, त्यांच्यातलं वाकडेपण जावो असं मागितलं. माणूस तिथेच राहतो, वाकडेपण निघतं.

काल रात्री ताईंचं उत्तर आलं. नंबर ब्लॉक केलाय. मग आईला फोन करून विचारलं, तो रात्री उशिरा येतो तेव्हा दार कोण उघडतं. आई म्हणाली, “मीच, आणखी कोण? तू नको काळजी करू, तू तुझं वाचन कर.” ताईंनी शनिवारचं तिकीट काढलंय. आईला महिनाभर बेंगळुरूला आणायचं, तोवर काकांनी रात्री घरी झोपायचं आणि भावाला मुक्तांगणला न्यायचं बोलून पाहायचं, असं ठरतंय. भाऊ तयार होईल का, माहीत नाही. काका अजून हो म्हणालेले नाहीत.

उद्या श्लोक सतरावा.

राम कृष्ण हरी.